भल्या माणसाचं भलं होतं का?

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर उंद्री लागतं. उदयनगर या नावानंही ते ओळखलं जातं. भोवती काळी जमीन, खरिपात सोयाबीन, कपाशी आणि तूर, रब्बीत हरभरा. या पट्ट्यात रोजच्या बोलण्यात कुणी कुणाला ‘सद्गुणी’ म्हणत नाही. तो शब्द शाळेच्या पुस्तकातला आणि निरोप समारंभातल्या भाषणातला. लोकांच्या तोंडी असलेले शब्द वेगळे आहेत: भला माणूस, शब्दाचा पक्का, नियत साफ असलेला. मापात पाप न करणारा. शेजाऱ्याचा धुरा न कोरणारा. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. वखर चालवताना तो दरवर्षी वीतभर आत ढकलता येतो, आणि कुणी पाहत नसतानाही जो ढकलत नाही त्याचं नाव गावात आदरानं घेतलं जातं.

अशाच एखाद्या माणसाच्या मयतीहून लोक परतत असतात तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, “भल्या माणसाचंच असं का होतं?”

हा उद्गार दुःखातून निघतो, पण नीतिशास्त्रातला सर्वांत जुना प्रश्न त्यात पूर्ण आलेला आहे. चांगलं जगायला भलेपणा पुरतो का? पुरत नसेल, तर निदान लागतो का? तो माणसात येतो कुठून? आणि अमुक गुण म्हणजे सद्गुण, हे ठरवलं कुणी? या चार प्रश्नांवर अडीच हजार वर्षं विचार झाला आहे. त्या विचाराचा आढावा मी उंद्रीच्या शिवारातून घेतो आहे, कारण एक पाऊस चुकला की माणसाच्या सरळपणाची परीक्षा जिथे सुरू होते, तिथेच या उत्तरांचा कस लागतो.

वळण आणि तारतम्य

सद्गुण येतो कसा, याचं उत्तर मराठी घरानं एका शब्दात देऊन ठेवलं आहे: वळण. मुलाला वळण लावतात, अक्षराला वळण असतं, पाणी वळणावर जातं. अक्षराचं वळण व्याख्यान ऐकून येत नाही, गिरवून येतं. इसवीसनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं हेच सांगितलं. वाद्य वाजवून माणूस वादक होतो, तसा न्यायानं वागून न्यायी होतो. सद्गुण हा त्याच्या मते निव्वळ ज्ञानाचा भाग नाही. तो अंगवळणी पडलेला स्वभाव आहे, आणि तो पडायला लहानपणापासूनचा सराव लागतो.

त्याचं दुसरं म्हणणं मध्याविषयी आहे. धैर्य हा भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधला गुण, तर उदारपणा हा कंजूषपणा आणि उधळेपणा यांच्या मधला. हा मध्य फूटपट्टीनं मोजता येत नाही. विहिरीसाठी कर्ज काढणं कधी हिंमत असते आणि कधी अविचार, हे पाणी, जमीन, घरातली माणसं आणि आधीचं देणं पाहूनच कळतं. मुलीच्या लग्नात हात सैल सोडणं कुठपर्यंत हौस आणि कुठून पुढे घराचा नाश, हेही तसंच. ही पारख ॲरिस्टॉटल सर्व सद्गुणांच्या मुळाशी ठेवतो. आपल्याकडे तिला तारतम्य म्हणतात. तारतम्य नसलेला प्रामाणिकपणा दुसऱ्याला जखमा करतो, आणि तारतम्य नसलेली दया आळशाला पोसते.

आणि चांगलं जगणं म्हणजे काय? ॲरिस्टॉटलच्या मनात क्षणाचं सुख नव्हतं, पूर्ण आयुष्याचा भरणा होता. म्हातारा माणूस मागे वळून म्हणतो, ‘जन्माचं सार्थक झालं’. त्यातलं ‘सार्थक’ हे ‘सुख’ या शब्दापेक्षा ॲरिस्टॉटलच्या कल्पनेच्या कितीतरी जवळचं आहे.

लागतो का?

इथे पहिला आक्षेप येतो. लबाड माणसांचंही बरं चाललेलं दिसतं. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये एका अंगठीची गोष्ट आहे. ती बोटात फिरवली की गायजीस हा मेंढपाळ अदृश्य होतो, मग तो राणीला वश करतो आणि राजाला मारून राज्य घेतो. प्रश्न असा की पकडलं जाण्याची भीतीच नसेल, तर कुणी सरळ का वागावं?

गावात ही अंगठी सहज मिळत नाही. इथे कुणी कुणाचं किती देणं लागतो, कुणाच्या धुऱ्यावरची झाडं कुणी तोडली, हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात राहतं. पण सद्गुणाचा आधार फक्त लोकांच्या नजरेत असेल, तर तो कच्चा आहे. खरं उत्तर आणखी खोल आहे. आयुष्यात ज्या गोष्टी आपल्याला सर्वांत मोलाच्या वाटतात, त्यांपैकी बऱ्याच सद्गुणाशिवाय अस्तित्वातच येत नाहीत. विश्वासाशिवाय मैत्री नसते, तिच्या जागी ओळख असते. ज्यानं शेजाऱ्याचा धुरा कोरला, त्याला वीतभर जमीन जास्त मिळाली हे खरं. पण त्याच शेजाऱ्याच्या ओट्यावर बसून निर्धास्तपणे चहा पिण्याचं सुख त्यानं गमावलं, आणि ते कुठल्याही बाजारात मिळत नाही. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली सुरू झालेल्या आणि आजवर चाललेल्या दीर्घ अभ्यासातही म्हातारपणाच्या आरोग्याशी आणि समाधानाशी सर्वांत ठळकपणे जोडलेली आढळली ती जिव्हाळ्याची नाती. नाती टिकतात ती शब्द पाळण्यानं, क्षमेनं, धीरानं. म्हणून सद्गुण चांगल्या जगण्याला लागतो, याबद्दल मला शंका नाही. लबाडाला आराम मिळू शकतो, पण ज्याला आपण सार्थक म्हणतो ते त्याच्या हाती येत नाही.

पुरतो का?

पुरतो का, या प्रश्नावर मात्र जग दोन भागांत वाटलं गेलं आहे. ग्रीस आणि रोममधले स्टोइक विचारवंत म्हणत: पुरतो. आपल्या हातात असतं ते फक्त आपलं वागणं, बाकी संपत्ती, आरोग्य, नावलौकिक येतो आणि जातो. या एकाच विचाराचे दोन मोठे प्रवक्ते गुलामगिरीत वाढलेला एपिक्टेटस आणि रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस असावेत, यात त्या विचाराचं बळ दिसतं. ॲरिस्टॉटलला हे मान्य नव्हतं. ट्रॉयचा राजा प्रायम आयुष्यभर नीट वागला आणि म्हातारपणी त्यानं मुलं आणि राज्य दोन्ही गमावलं. अशा माणसाला सुखी म्हणणं त्याला पटत नव्हतं. अन्न, आरोग्य, मुलंबाळं, मित्र यांची जोड नसेल तर सद्गुण अपुरा पडतो, असं तो मानत होता. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणणारा मराठी माणूस या वादात त्याच्याच बाजूला उभा राहील.

आपल्याकडे लहान मुलांना सुखी माणसाच्या सदऱ्याची गोष्ट सांगतात. आजारी राजाला बरं व्हायला सुखी माणसाचा सदरा हवा असतो. शोधून शोधून एक सुखी माणूस सापडतो आणि त्याच्या अंगात सदराच नसतो. हाव धरणाऱ्याला ही गोष्ट जे शिकवते ते योग्यच आहे. पण ज्याचा सदरा खरोखर फाटलेला आहे, त्याला ती सांगताना जीभ अडखळली पाहिजे. स्वतःच्या गरजा कमी करणं हा सद्गुण आहे. दुसऱ्यानं गरजा कमी कराव्यात असा उपदेश देणं हा सद्गुण नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कान्टनं या वादाची दिशा बदलली. त्याच्या मते सद्गुण आणि सुख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योग्य वागायचं ते सुखासाठी नाही, ते योग्य आहे म्हणून. आपण सुखी होऊ न होऊ, सुखाला पात्र व्हावं हे आपल्या हातात आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी पाश्चात्त्य सुखवाद बारकाईनं तपासला. त्यातलं ‘सुखदुःखविवेक’ हे पूर्ण प्रकरण याच विषयावर आहे. कृतीची किंमत बाहेरच्या फळावरून ठरवायची नाही, ती करणाऱ्याच्या शुद्ध बुद्धीवरून ठरवायची, हा त्यांचा निष्कर्ष कान्टच्या जवळ जातो. पीक हातचं गेल्यावरही पुन्हा तिफण बाहेर काढणाऱ्या शेतकऱ्याला हा विचार आधार देतो. मात्र त्यातून एक प्रश्न सुटत नाही. ज्याची बुद्धी शुद्ध आहे, त्याच्याच वाट्याला वारंवार हार येत असेल, तर बाकीच्यांनी नुसतं त्याचं कौतुक करून थांबायचं का?

शील, बी आणि चारा

या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर मला बौद्ध परंपरेत सापडतं. शील हा बुद्धाच्या मार्गाचा पाया आहे, आणि पंचशील प्रत्येक गृहस्थासाठी आहे. पण दीघनिकायातली सुत्तं शीलाबरोबर त्याच्या भोवतालचाही विचार करतात. कूटदंत सुत्तात एका राजाच्या राज्यात चोऱ्या माजलेल्या असतात. पुरोहित त्याला सांगतो की शिक्षा देऊन हे थांबणार नाही. शेती आणि गुरं सांभाळणाऱ्यांना बी आणि चारा द्या, व्यापाऱ्यांना भांडवल द्या, नोकरी करणाऱ्यांना वेतन द्या. राजा तसं करतो आणि राज्य शांत होतं. चक्कवत्ति सीहनाद सुत्तात हीच साखळी उलट्या दिशेनं सांगितली आहे. गरिबांना धन दिलं गेलं नाही, म्हणून दारिद्र्य वाढलं, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून हिंसा आणि हिंसेतून खोटेपणा वाढत गेला.

सिंगालोवाद सुत्त तर गृहस्थाची आचारसंहिताच आहे. मालकानं कामगाराला त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि मजुरी द्यावी, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, चांगलंचुंगलं वाटून खावं आणि वेळेवर सुटी द्यावी. सालदार ठेवणाऱ्या प्रत्येक घरानं हे पाच नियम भिंतीवर लिहून ठेवावेत असे आहेत. इथला सद्गुण मनातल्या पावित्र्यात अडकलेला नाही. तो दोन माणसांमधल्या व्यवहारात राहतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला. त्या दिवशी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये चोरी न करणं, खोटं न बोलणं, दारू न पिणं अशी वैयक्तिक शीलाची वचनं आहेत, तशीच समतेचीही आहेत. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात धम्म म्हणजेच नीती, अशी मांडणी आहे. विद्येला शीलाची जोड नसेल तर ती घातक ठरते, हे ते तरुणांना पुन्हा पुन्हा सांगत. माणसानं सुधारावं आणि व्यवस्थाही बदलावी, यांतलं एक निवडायचं नसतं, हे त्यांच्या सगळ्या जीवनकार्यातून दिसतं.

मराठीतली नीतिचर्चा

आपल्या भाषेत ही चर्चा तेराव्या शतकापासून चालू आहे. म्हाइंभटाचं ‘लीळाचरित्र’ चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ आहे आणि त्यातल्या काही लीळा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर आणि लोणार इथल्या आहेत. त्यात सद्गुणांच्या व्याख्या शोधायला गेलं तर हाती प्रसंग लागतात: कुणी कसं बोललं, कुणाला कसं वागवलं, जिवाला कसं जपलं. वारकरी संतांनी नीतीची परीक्षा संसारातच घेतली. शेत, दुकान, चूल सांभाळत सरळ राहणं त्यांना वनात जाण्याहून कठीण वाटलं, आणि ते बरोबर होतं.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न अधिक धारदार झाला. नीतीला धर्माचा टेकू लागतो का? जोतीराव फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालं. जात, वंश, स्त्री-पुरुष असा भेद न मानता सर्वांशी सत्यानं वागणं हीच त्यात धर्माची ओळख आहे. १८८८ साली ‘सुधारक’ सुरू करणाऱ्या आगरकरांनी नरकाच्या भीतीवर उभी असलेली नीती कमकुवत असते, ती विवेकावर उभी राहिली पाहिजे, असं ठासून मांडलं. वामन मल्हार जोश्यांनी ‘नीतिशास्त्रप्रवेश’ लिहून हा विषय मराठी विद्यार्थ्याच्या हाती दिला आणि ‘सुशीलेचा देव’ या १९३० सालच्या कादंबरीत तोच शोध एका स्त्रीच्या आयुष्यातून घेतला. आपल्या विदर्भात दि. य. देशपांडे यांनी अमरावतीत तत्त्वज्ञान शिकवलं आणि १९९० साली नागपुरातून ‘आजचा सुधारक’ हे मासिक सुरू करून विवेकवादी नीतीची चर्चा सामान्य वाचकापर्यंत आणली. या सगळ्या वाटा वेगवेगळ्या आहेत, पण एका गोष्टीवर त्या मिळतात: भीतीपोटी धरलेला सद्गुण भीती सरली की गळून पडतो.

सद्गुण कुणाचे, ठरवले कुणी?

या प्रश्नावर मराठीतला सर्वांत निर्भीड आवाज बुलढाण्याचा आहे, आणि याचा आपल्या जिल्ह्याला जितका अभिमान हवा तितका अजून दिसत नाही. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतमध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर नवजात मुलाला मारल्याचा खटला चालला आणि तिला फाशी सुनावण्यात आली. ती शिक्षा नंतर कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर चिखल उडाला. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून त्याला उत्तर दिलं. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण एकेक करून त्यांनी उचलले आणि तेच पुरुषांच्या वागण्याशी ताडून दाखवले. त्यांचा मूळ मुद्दा असा की पातिव्रत्य, सोशिकपणा, लज्जा हे जर खरोखर सद्गुण असतील, तर ते दोघांनाही सारखे लागू का नाहीत? विधवेनं जन्मभर सोसायचं आणि विधुरानं महिन्याभरात बोहल्यावर चढायचं, असे दोन कायदे कुणी लिहिले?

त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुले ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं.

सद्गुणांचा कुठलाही आढावा ताराबाईंच्या प्रश्नापाशी थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. सद्गुणांचा एवढा बारीक विचार करणाऱ्या ॲरिस्टॉटलनंही गुलामगिरी नैसर्गिक मानली आणि स्त्रीला कमी लेखलं. प्रत्येक समाज बलवानाला ‘हिंमत’ आणि दुर्बळाला ‘सहनशीलता’ हा सद्गुण वाटून देतो. आजही उंद्रीसारख्या गावात पहाटे उठून भाकरी थापून, दिवसभर निंदणी करून, परत चुलीशी बसणाऱ्या बाईला ‘किती सोशिक आहे’ म्हणतात. त्या कौतुकात तिचा थकवा झाकला जातो. पुरुषाला मात्र ‘सोशिक’ हे कौतुक क्वचितच मिळतं. म्हणून माझी साधी कसोटी अशी: जो गुण सांगणारा स्वतः अंगी बाणवायला तयार नाही, तो सद्गुण म्हणून दुसऱ्याला सांगू नये.

जेव्हा भलेपणा हरतो

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं पत्नी आणि चार मुलांसह आयुष्य संपवलं. ते गावचे माजी सरपंच होते, संगीताचे जाणकार होते. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही अनेक लोक १९ मार्चला उपवास करतात. त्यानंतर पश्चिम विदर्भानं, त्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यानं, अशी किती घरं पाहिली याची मोजदाद सरकारी नोंदींत आहे. ती वाचताना एक गोष्ट मनात पक्की ठेवायला हवी. ही माणसं कष्टात कमी पडली नव्हती. अनेकांचा शब्द गावात वजनदार होता, आणि तो शब्द पाळता येईना हेच त्यांना असह्य झालं होतं. ज्याला देणं बुडवायची लाज नाही, तो निर्धास्त झोपतो. ज्याला लाज आहे, तो रात्रभर जागतो. अशा वेळी सद्गुणच माणसाचा भार होतो. असा भार आत दाटला असेल, तर तो घरच्यांना, मित्राला, डॉक्टरांना बोलून दाखवण्यात कमीपणा नाही. त्यालाही धैर्यच लागतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तत्त्वज्ञानानं या जागेकडे पुन्हा लक्ष दिलं. बर्नार्ड विल्यम्सनं नैतिक जीवनातही नशिबाचा वाटा किती असतो हे दाखवलं. मार्था नुसबॉम यांनी १९८६ साली ग्रीक शोकांतिकांच्या आधारे चांगुलपणा किती नाजूक असतो यावर मोठा ग्रंथ लिहिला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी कापणीच्या आधी आणि नंतर घेतली गेली. तेच शेतकरी हाती पैसा येण्याआधी कमी आणि नंतर जास्त गुण मिळवत होते. टंचाई माणसाचं लक्ष आणि विचार खाऊन टाकते, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. तारतम्य हा सद्गुणांचा पाया असेल, तर पोळ्याआधीच्या टंचाईच्या दिवसांत सुचेनासं झालेल्या शेतकऱ्याला ‘विचार करून वागायला हवं होतं’ असं ऐकवणाऱ्यांनी हा निष्कर्ष आठवावा.

शेगावची रांग

आणखी एक आव्हान मानसशास्त्रातून आलं. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. प्रवचन द्यायला दुसऱ्या इमारतीकडे जाताना वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. प्रवचनाचा विषय परोपकार होता की दुसरा काही, यानं फारसा फरक पडला नाही. यावरून काही अभ्यासक म्हणू लागले की स्वभाव वगैरे काही नसतं, माणसाला परिस्थिती वागवते.

या निष्कर्षाची एक बाजू आपण शेगावात डोळ्यांनी पाहतो. श्री गजानन महाराज संस्थानाच्या आवारात पाऊल ठेवलं की तीच माणसं बदलतात. बसस्थानकावर कागद फेकणारा इथे फेकत नाही, रांगेत घुसणारा शांत उभा राहतो. पाळी लावून येणारे सेवाधारी विनामोबदला भांडी घासतात, जोडे सांभाळतात, झाडतात. मेहकर तालुक्यातल्या हिवरा इथे शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमात विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखो माणसं एकाच वेळी ओळीनं बसून पुरी आणि वांग्याची भाजी जेवतात, आणि ती शिस्त कुणाच्या काठीनं येत नाही. परिस्थिती माणसाला वागवते, हे खरंच आहे.

पण ही परिस्थिती आकाशातून पडलेली नाही. शेगाव संस्थानाची आजची व्यवस्था उभी करण्यात शिवशंकरभाऊ पाटील यांची अनेक दशकांची सचोटी होती. ४ ऑगस्ट २०२१ रोजी ते गेले आणि घडी मात्र बसलेली राहिली. काही माणसांचा सद्गुण संस्थेत उतरतो, मग ती संस्था हजारोंना चांगलं वागायला सोपं करते. प्रयोगातही खूप घाईत असलेले १० टक्के थांबलेच होते. सुरुवात नेहमी असे थांबणारे करतात.

वाफसा

आमच्याकडे पहिला पाऊस पडला की अननुभवी माणूस तिफण काढतो. जाणता शेतकरी थांबतो. सोयाबीनसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातंही सांगतं. ओल खोल जावी लागते, चिखल निवावा लागतो, मूठभर माती हातात घेतली की ती धड चिकटू नये आणि धड उडू नये. त्या अवस्थेला वाफसा म्हणतात. वाफशावर पेरलेलं उगवतं. वाफसा नसताना पेरलेलं उत्तम बियाणंही वाया जातं. आणि वाफसा असून पेरलंच नाही, तर शेतात तण माजतं.

या आढाव्यातून मला जे हाती लागलं, ते एवढंच आहे. सद्गुण हे बियाणं आहे. ते प्रत्येकानं स्वतः राखायचं असतं, दुसरा कुणी ते आपल्यासाठी राखू शकत नाही. इथपर्यंत स्टोइक, कान्ट आणि टिळक बरोबर आहेत. पण ते उगवायला वाफसा लागतो: पोटभर अन्न, फेडता येईल असं कर्ज, शेतमालाला दाम, आजारपणात दवाखाना, विश्वास ठेवता येईल अशा संस्था आणि ताराबाईंच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असं घर. इथे कूटदंत सुत्त, ॲरिस्टॉटल आणि बाबासाहेब बरोबर आहेत. त्यामुळे वाफसा तयार करणं हे सद्गुणाच्या बाहेरचं, फक्त राजकारणाचं काम ठरत नाही. ते सद्गुणाचंच सर्वांत मोठं काम आहे.

आपल्या वऱ्हाडातल्या दोन महापुरुषांना हे पूर्ण कळलं होतं. दिवसा झाडू घेऊन गाव साफ करणाऱ्या आणि रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारणाऱ्या गाडगेबाबांच्या शिकवणीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी आणि गरिबाच्या मुलांना शिक्षण या गोष्टी सर्वांत आधी येतात. त्यांनी उपदेश करण्याआधी हात चालवला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९५५ सालच्या ‘ग्रामगीते’च्या ४१ अध्यायांतून चांगल्या जगण्याचं एकक म्हणून एकट्या माणसाऐवजी संपूर्ण गावाकडे पाहिलं.

सावड करणारे दोन शेतकरी हेच रोज जगतात. एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघं मिळून जोडी होते, आधी एकाचं शेत पेरलं जातं, मग दुसऱ्याचं. पहिला आपलं पेरून झाल्यावर दुसऱ्याकडे गेला नाही, तर त्याला कुठलाही कायदा पकडणार नाही. तो जातो. कारण शब्द दिलेला असतो, आणि कारण वाफसा दोन दिवसांत उडून जातो.

मयतीहून परतताना आता कुणी विचारलं, “भल्या माणसाचंच असं का होतं?” तर मी म्हणेन, नेहमीच होत नाही, पण होतं, आणि ते त्याच्या भलेपणामुळे होत नाही. ते अनेकदा आपण वेळेवर सावडीला न गेल्यामुळे होतं. त्याच्या घरी पेरणी राहिली असेल, तर उद्या सकाळी बैल घेऊन तिथे जाणं हेच त्या प्रश्नाचं उत्तर आहे.